मेंदूतल्या लहरींचा 'ताळमेळ ८२ टक्के' म्हणजे नेमकं काय मोजलं?

नीलपर्णी
मुलगा सातवीत आहे. वर्गात लक्ष नसतं, वही अर्धी राहते, असं बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं. एका मैत्रिणीने शहरातलं एक केंद्र सुचवलं. (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.) तिथे त्याच्या डोक्यावर तारांची टोपी घालून ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढला आणि अर्ध्या तासात रंगीत अहवाल हातात ठेवला. वरून दिसणाऱ्या डोक्याचं चित्र, त्यावर लाल-निळ्या रेघा, आणि खाली एक ओळ: 'कपाळाच्या डाव्या व उजव्या भागांतील ताळमेळ ८२ टक्के. अपेक्षेपेक्षा जास्त.' त्यावर उपाय म्हणून चाळीस बैठका. रक्कम एवढी आहे की नवऱ्याला सांगायच्या आधी मला स्वतःला ती पटायला हवी.

मी कॉमर्सची आहे. टक्के म्हटलं की मी विचारते, कशाचे टक्के? दोन ठिकाणच्या लहरी जुळतात हे मोजतात कसं? आणि जुळणं जास्त असेल तर ते वाईट कसं? मला डॉक्टरी सल्ला नको, तो डॉक्टरांकडूनच घेईन. मला हा आकडा समजून घ्यायचा आहे.

सातपूरकर
दोन आलेखांचं कोरिलेशन काढत असतील. एक वर गेला की दुसराही वर जातो का, एवढंच. एक्सेलमध्ये होतं.

दूरदेशी
सातपूरकर, तेवढ्याने भागत नाही. सारख्याच वेगाच्या दोन लहरी घ्या आणि दुसरी पाव आवर्तन मागे सरकवा. दोघी तासभर एकमेकींना धरून चालल्या तरी कोरिलेशन शून्य येतं. मेंदूत एका भागातून दुसऱ्या भागात निरोप पोचायला काही मिलिसेकंद लागतात. १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा आवर्तनांच्या अल्फा लहरीचं एक आवर्तन १०० मिलिसेकंदांचं, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर झाला की ३६ अंशांचा फरक पडला. म्हणून नुसतं वर-खाली न बघता फेजमधला (लहर त्या क्षणी आपल्या आवर्तनात कुठे आहे त्यातला) फरक बघावा लागतो. तो फरक किती आहे याला महत्त्व कमी, तो टिकून राहतो का याला जास्त.

(मी मूळचा नाशिकरोडचा. सध्या नेदरलँड्समध्ये पीएचडी करतोय, याच विषयाच्या आसपास.)

एकलहरेकाका
दूरदेशी, तुम्ही जे लिहिलंत ते मी अठ्ठावीस वर्षं रोज डोळ्यांनी पाहिलंय. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात होतो. २१० मेगावॅटचा संच बंद पडून पुन्हा ग्रिडला जोडायचा असला की कंट्रोल रूममध्ये सिंक्रोस्कोप लावायचा. घड्याळासारखी तबकडी, तिला एकच काटा. आपल्या जनरेटरची वारंवारता ग्रिडपेक्षा जास्त असेल तर काटा उजवीकडे फिरतो, कमी असेल तर डावीकडे. दोन्ही सारख्या झाल्या की काटा थांबतो. आम्ही तो अगदी हळू उजवीकडे फिरता ठेवायचो आणि बाराला टेकायच्या किंचित आधी ब्रेकर मारायचो. चुकून चारवर मारला तर शाफ्टला असा हिसका बसतो की महिनाभर यंत्र उघडून बसावं लागेल.

तो काटा म्हणजेच फेजमधला फरक. नीलपर्णीताई, मुलाच्या डोक्यावरच्या दोन तारांमध्ये असा एक काटा लावलाय असं समजा. काटा एका जागी टिकून असेल तर दोन्ही जागा बांधलेल्या. गरागरा फिरत असेल तर प्रत्येक जण आपल्या मर्जीचा.

दूरदेशी
काका, हे मला माझ्या मार्गदर्शकांना सांगायला हवं. यापेक्षा सोपं करून मी कधी ऐकलेलं नाही.

तुमचाच काटा पुढे नेतो. दर क्षणी काटा कुठे आहे ते एका लांबीच्या बाणाने कागदावर काढा. असे हजार बाण काढून त्यांची सरासरी घ्या. सगळे एकाच दिशेला असतील तर सरासरी बाणाची लांबी १ येते. चहूकडे विखुरलेले असतील तर एकमेकांना खोडून ती ० च्या जवळ येते. याला फेज लॉकिंग व्हॅल्यू म्हणतात, पीएलव्ही. लाशो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ती मांडली. ८२ टक्के म्हणजे बहुधा ०.८२ असावं. नाहीतर कोहिरन्स असेल. तोही ० ते १ मध्येच मोजतात, पण त्यात लहरीच्या उंचीचाही हिशेब येतो, पीएलव्हीत फक्त फेजचा.

नीलपर्णी, पहिला प्रश्न हा विचारा: कोणतं माप? दुसरा: कोणत्या पट्ट्यात? डेल्टा ४ हर्ट्झच्या खाली, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३०, त्यावर गॅमा. पट्टा न सांगता 'ताळमेळ' म्हणणं म्हणजे राग न सांगता 'सूर लागला' म्हणणं.

इलेक्ट्रोडताई
मी चौदा वर्षं ईईजी काढतेय, नाशिकमध्येच. हिशेबाचं तुम्ही बघा, मी डोक्याजवळचं सांगते.

आमच्याकडे टोपी नसते, एकेक इलेक्ट्रोड हाताने लावतो. आधी नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मग त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा. म्हणून त्या पद्धतीचं नावच टेन-ट्वेंटी. कानांचे दोन धरून एकवीस इलेक्ट्रोड. प्रत्येक जागी त्वचा घासून पेस्ट लावायची आणि रोध ५ किलोओहमच्या खाली आला की पुढचा. आपल्याकडे आया मुलाला तपासणीला आणताना चांगलं चोपून तेल लावून, भांग पाडून आणतात! त्या तेलावर इलेक्ट्रोड धरतच नाही. आदल्या रात्री शिकेकाई किंवा शांपूने केस धुवा आणि तेल लावू नका, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते.

आता मुद्दा. पेस्ट जास्त झाली आणि दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये पसरली, तर ते दोन राहतच नाहीत, एकच होतात. पडद्यावर दोन रेघा हुबेहूब सारख्या दिसतात. टोपीत जेल भरताना हे फार होतं, घामानेही होतं. अशा वेळी तुमचं ते पीएलव्ही किती येईल, दूरदेशी?

दूरदेशी
एकच्या अगदी जवळ. आणि अहवालात ते 'दोन भागांत अतिशय घट्ट ताळमेळ' म्हणून छापून येईल.

इलेक्ट्रोडताई
हेच मला सांगायचं होतं. शिवाय पंखा, ट्यूबलाइट, खिशातला मोबाइल. मेंदूचा संकेत १० ते १०० मायक्रोव्होल्ट, आणि भिंतीतल्या वायरीचा ५० हर्ट्झ सगळ्या तारांवर एकदम चढतो. अर्थिंग नीट नसेल तर सगळं डोकं ५० हर्ट्झला एका तालात नाचताना दिसेल. कपाळावरच्या तारांना तर डोळ्यांची उघडझाप आणि कपाळाचे स्नायू हेही येतात. सातवीतलं पोर वीस मिनिटं पापणी न हलवता बसलं असेल, असं मला वाटत नाही.

ताशामास्तर
मी इंजिनिअर नाही, डॉक्टर नाही. गंगापूर रोडला नदीकाठी आमच्या पथकाचा सराव चालतो. पण काकांचा काटा वाचून राहवलं नाही.

पन्नास ढोल एका ठोक्यात पडतात तेव्हा लोकांना वाटतं, वादक एकमेकांचं ऐकून वाजवतात. तसं नसतं. सगळे ताशाचं ऐकतात. डाव्या टोकाचा पोरगा आणि उजव्या टोकाचा पोरगा यांची गाठसुद्धा पडत नाही, तरी ठोका एक. ताशा थांबवा, चार आवर्तनांत दोन्ही टोकं सुटतात. मग तुमचं माप डाव्या-उजव्यात ताळमेळ सांगेल, पण ताशा कुठे दिसेल त्यात?

आणखी एक. मिरवणूक लांबली की शेवटच्या रांगेला ताशा उशिरा ऐकू येतो. ३०-३५ मीटरला सेकंदाचा दहावा भाग. शेवटची रांग ठोक्यात असते, पण मागे असते. पुढून ऐकणाऱ्याला वाटतं चुकले. चुकलेले नसतात.

दूरदेशी
ताशामास्तर, तुम्ही एका पोस्टमध्ये दोन व्याख्यानं दिलीत. पहिल्याला आमच्याकडे 'कॉमन ड्राइव्ह' म्हणतात, समान चालक. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस आहे. तो वेगवेगळ्या भागांना एकाच वेळी ठेका देऊ शकतो, आणि वरून बघणाऱ्याला ते भाग आपसात बोलताहेत असं वाटतं. पार्शल कोहिरन्स काढून ताशा वजा करता येतो, पण ताशाजवळ इलेक्ट्रोड असेल तरच. दुसरा मुद्दा म्हणजे ठरावीक मागेपण. जुळणं वेगळं आणि एकाच क्षणी पडणं वेगळं.

अंजनेरी
विषय थोडा हलवते. दोन माणसांच्या मेंदूंचा ताळमेळ मोजतात म्हणे? नवरा-बायकोचा मोजता येईल का? आमच्याकडे रविवारी मिसळ कुठे खायची यावरून फेजमध्ये १८० अंश असतात.

दूरदेशी
मोजतात, त्याला हायपरस्कॅनिंग म्हणतात. पण तिथेही ताशा आहेच. दोघांनी एकच सिनेमा पाहिला तर दोघांचे मेंदू सिनेमाच्या मागे जातात. १८० अंशांचं म्हणाल तर तोही ताळमेळच! १६६५ मध्ये ह्युगेन्स आजारी पडून अंथरुणावर होता. शेजारी त्याची दोन लंबकाची घड्याळं एकाच आधारावर टांगलेली. त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक नेमके उलट दिशेने झुलतात आणि मुद्दाम बिघडवले तरी काही वेळाने पुन्हा तसेच होतात. आधाराच्या बारीक हालचालीतून ती घड्याळं बांधली गेली होती. तेव्हा अंजनेरीताई, काळजी नको, तुमचा आधार एकच आहे.

शंकेखोर
एवढं वाचून मला वाटतं की हे सगळं मोजणंच बंद करावं. तेल, घाम, पंखा, पापणी, ताशा. यातून कोणी काय ठरवायचं? पालकांच्या भीतीवर चाललेला धंदा आहे.

वडाळ्याचा_बाबा
शंकेखोर, मला हे पटत नाही. माझी मुलगी सहा वर्षांची असताना बोलता बोलता थांबायची. दहा सेकंद टक लावून बघायची, मग जणू काही झालंच नाही. आम्हाला वाटायचं, तंद्री लागते. शाळेत ओरडा बसायचा. ईईजीच्या वेळी ताईंनी तिच्या हातात कागदाची भिरभिरी दिली आणि म्हणाल्या, 'फुंकर मार बाळा, थांबायचं नाही.' तिसऱ्या मिनिटाला फुंकर थांबली, हात तसाच अधांतरी राहिला, आणि पडद्यावर सगळ्या रेघा एकदम उठल्या. एक टोक, एक लाट, एक टोक, एक लाट. सेकंदाला तीन. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, सगळीकडे तेच. मी खुर्चीत बसून बघत होतो. त्यासाठी कुणाला आकडा काढावा लागला नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध सुरू झालं. आज ती दहावीत आहे.

हे मोजणं बंद करा म्हणू नका. काय मोजलं आणि कोणी वाचलं, ते विचारा.

इलेक्ट्रोडताई
बाबा, ती भिरभिरी माझ्याही टेबलावर आहे. फुंकरीने कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हे झटके उघडे पडतात. आणि नीलपर्णी, 'जास्त ताळमेळ म्हणजे चांगलं की वाईट' याचं अर्धं उत्तर यात आहे. झटक्यात सगळं डोकं एका तालात असतं. गाढ झोपेतही मोठ्या संथ लाटा सगळीकडे असतात. जागं, विचार करणारं डोकं त्या मानाने विस्कळीत दिसतं. म्हणून नुसता आकडा बघून चांगलं-वाईट ठरत नाही. वय, जाग-झोप, डोळे उघडे की मिटलेले, हे सगळं सोबत लागतं.

शंकेखोर
बाबा, मी जरा जास्तच बोललो. मुलगी बरी आहे हे वाचून आनंद झाला. माझा राग त्या चाळीस बैठकांवर होता.

नीलपर्णी
सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल फोन करून विचारलं. माप पीएलव्ही, पट्टा अल्फा, संदर्भ दोन्ही कान जोडलेले. किती सेकंदांच्या नोंदीवर काढलं, हे विचारल्यावर 'सॉफ्टवेअर आपोआप निवडतं' म्हणाले. अहवालाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात '४ सेकंद' लिहिलंय. हे पुरेसं आहे का? आणि संदर्भ म्हणजे काय?

एकलहरेकाका
संदर्भाचं मी सांगतो. पूर आला की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी आलं की छातीला? सगळं नाशिक त्या एका मारुतीवरून गोदेची उंची सांगतं. आता कल्पना करा की मारुतीच हलला. मग रामकुंडाचं माप बदलेल, गाडगे महाराज पुलाचंही, दोन्ही एकदम, आणि पाणी मात्र होतं तिथेच असेल. व्होल्टेज नेहमी दोन जागांमधलं असतं, त्यातली एक जागा म्हणजे संदर्भ. कान हा मारुती. पण कानाजवळ मेंदूचा बाजूचा भाग आहे, त्याचं थोडं कानावर येतं. ते सगळ्या तारांतून सारखंच वजा होतं आणि सगळ्या तारा थोड्या थोड्या जुळलेल्या दिसतात.

चार सेकंदांचं मी काल रात्री करून पाहिलं. नातवाने पायथन शिकवलंय. दोन पूर्ण स्वतंत्र, निव्वळ यादृच्छिक गोंगाट तयार केले, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. कोहिरन्सचा वर्ग काढला. एकच तुकडा घेतला तर उत्तर नेहमी १! दोन तुकड्यांची सरासरी घेतली तर साधारण अर्धा. दहा तुकड्यांत ०.१ च्या आसपास, शंभरात ०.०१. म्हणजे तुकडे कमी असले की काहीही संबंध नसलेले दोन गोंगाटसुद्धा सख्खे भाऊ वाटतात. मी तीनदा तपासलं. नातू म्हणाला, आजोबा, झोपा आता.

दूरदेशी
काका, तुमचं उत्तर बरोबर आहे. स्वतंत्र संकेतांचं उत्तर तुकड्यांच्या संख्येच्या व्यस्तात येणारच, दहा तुकडे तर एक दशांश. पीएलव्हीलाही हाच रोग. त्यात ८ ते १३ हर्ट्झचा अरुंद गाळणीतून काढलेला पट्टा, म्हणजे दोन्ही संकेतांचा वेग जवळजवळ सारखाच उरतो. चार सेकंदांत काट्याला फिरायला वेळ कमी मिळतो आणि तो टिकून आहे असं वाटू शकतं. मिनिटभर बघितला असता तर सरकताना दिसला असता. म्हणून मूळ नोंदीचे फेज विस्कटून बनावट नोंदी करतात आणि त्यांच्यावरही तेच माप लावतात. त्यांत ०.८ वारंवार येत असेल तर तुमच्या ०.८२ ला काही अर्थ नाही.

पण सगळ्यात मोठा दोष अजून सांगायचाच आहे. रविवार कारंज्याजवळ एका मंडळाचा स्पीकर लागला, आणि दोन वाड्यांत दोघांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. दोन्हीत एकच गाणं. वाडे एकमेकांशी बोलले का? मेंदूतल्या एका जागेची वीज द्रव, कवटी, त्वचा यांतून पसरते आणि शेजारच्या अनेक इलेक्ट्रोडांवर एकाच क्षणी पोचते. कपाळाचे डावे-उजवे इलेक्ट्रोड तर जवळजवळच. अशा वेळी काकांचा काटा नेमका बारावर अडकतो, कारण उशीर शून्य.

यावर २००७ मध्ये स्टॅम आणि सहकाऱ्यांनी फेज लॅग इंडेक्स सुचवला, पीएलआय. त्यात काटा किती दूर आहे हे बघतच नाहीत. तो बाराच्या उजवीकडच्या अर्ध्यात जास्त वेळ असतो की डावीकडच्या, एवढंच. सारखा एकाच बाजूला असेल तर १. बाराच्या भोवती दोन्हीकडे सारखाच डुलत असेल तर ०. स्पीकरच्या पसरण्याने एकीकडे झुकाव येत नाही, म्हणून तो आपोआप गळतो.

एकलहरेकाका
हे फार आवडलं. पण शंका आहे. ग्रिडला जोडलेला संच जवळजवळ बारावरच असतो, आणि ते खरं जोडलेपण आहे. तुमचं पीएलआय त्यालाही शून्य देईल की.

दूरदेशी
देईल. हा त्याचा खरा तोटा आहे. मेंदूत शून्य उशिराचा खरा ताळमेळही असतो. ग्रे आणि झिंगर यांनी १९८९ मध्ये मांजराच्या दृष्टिकेंद्रात, थेट आत इलेक्ट्रोड ठेवून, दूरदूरच्या पेशींचा ४० हर्ट्झच्या आसपासचा तसा ताळमेळ दाखवला. कवटीवरून मोजताना आम्ही खोट्यापासून वाचण्यासाठी थोडं खरंही सोडून देतो. म्हणून दोन-तीन मापं शेजारी ठेवून वाचायची.

नीलपर्णी, केंद्राकडे मूळ नोंद मागा, 'ईडीएफ' फाइल. ती तुमची आहे.

इलेक्ट्रोडताई
आणि कुणालाही पाठवण्याआधी त्या फाइलच्या मथळ्यातलं मुलाचं नाव आणि जन्मतारीख काढायला सांगा. ते आतच लिहिलेलं असतं, उघडल्याशिवाय दिसत नाही.

नीलपर्णी
फाइल मिळाली, दोन फेऱ्या मारून. नाव काढून दूरदेशी आणि काकांना पाठवली.

दूरदेशी
काकांनी आणि मी वेगवेगळं केलं, मग ताडून पाहिलं. केंद्राने निवडलेल्या चार सेकंदांत पीएलव्ही ०.८२ खरंच येतो. पण त्यात दोन पापण्यांच्या उघडझापा आहेत. डोळे मिटलेली स्वच्छ तीन मिनिटं घेतली तर तो ०.६ च्या खाली जातो, आणि काटा जवळजवळ पूर्ण वेळ बाराच्या भोवती. पीएलआय विस्कटलेल्या नोंदींपेक्षा वेगळा नाही. कपाळाच्या दोन भागांत जास्तीचा ताळमेळ आहे, असं या नोंदीवरून म्हणता येत नाही. नसल्याचंही म्हणता येत नाही. आजाराबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही.

एकलहरेकाका
माझा ०.५७, त्यांचा ०.५८. गाळणीच्या कडा वेगळ्या होत्या.

नीलपर्णी
तीच फाइल आणि अहवाल घेऊन मेंदूविकार तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आकडा बाजूला ठेवला, रेघा पानोपानी पाहिल्या. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा कसा उठतो आणि उघडले की कसा बसतो, ते मुलाला स्वतःला दाखवलं. नोंद वयाला साजेशी आहे म्हणाले. लक्षाचा प्रश्न वेगळा, त्यासाठी शाळेच्या बाईंशी बोलून रीतसर तपासणी करू, पुढच्या गुरुवारी बोलावलंय. चाळीस बैठका नकोत, असं मी केंद्राला कळवलं.

घरी येताना रिक्षात तो डोळे मिटत होता, उघडत होता. म्हणाला, 'आई, आत्ता चालू. आत्ता बंद.'

ताशामास्तर
गुरुवारचं झालं की त्याला रविवारी पाचला सरावाला घेऊन या. ताशाजवळ उभा करतो.